औषध हवे, दृष्टीही हवी

(राष्ट्रीय नेत्रदान पंधरवड्याच्या निमित्ताने भरलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात एका नेत्रशल्यचिकित्सकाने दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित भाग.)



दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात आपण नेत्रदान पंधरवडा पाळतो. मृत्यूनंतर आपले डोळे दुसऱ्याच्या उपयोगी पडावेत, या उदात्त भावनेचा प्रसार या पंधरवड्यात होतो, आणि तो झालाच पाहिजे. परंतु आज मी मरणोत्तर नेत्रदानाबद्दल थोडे आणि जिवंतपणी स्वतःची दृष्टी राखण्याबद्दल अधिक बोलणार आहे. त्यातही एका विशिष्ट वर्गाला उद्देशून माझे हे बोलणे आहे. ज्यांना शरीराची प्रतिकारशक्ती आवरून धरणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात, अशा प्रौढ आणि वृद्ध रुग्णांचा हा वर्ग होय. आमवाताचे रुग्ण, दम्याचे रुग्ण, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले रुग्ण, त्वचेच्या काही चिवट विकारांचे रुग्ण हे सारे त्यात येतात. आपल्या घरात नाही, तर शेजारी किंवा नात्यात असा एखादा रुग्ण असतोच.

प्रारंभीच मला दोन रुग्णांची हकीकत सांगू द्या.

पहिल्या रुग्ण एक निवृत्त शिक्षिका. त्यांच्या धाकट्या भावाने त्यांना आपले एक मूत्रपिंड दिले होते. शस्त्रक्रियेनंतर सात-आठ वर्षे उत्तम गेली. पुढे वाचताना अक्षरे पुसट दिसू लागली. उन्हात गेले की डोळ्यांपुढे पांढुरका झगमगाट होई. कोणीतरी सांगितले, "या गोळ्यांनी डोळे जातात." बाईंनी कोणालाही न विचारता गोळ्या बंद केल्या. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा चेहऱ्यावर सूज होती आणि लघवीचे प्रमाण घटले होते. डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि तो अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेने निघण्यासारखा होता. खरे संकट डोळ्यांत नव्हते. भावाने दिलेले मूत्रपिंड त्यांचे शरीर नाकारू लागले होते. तातडीने मूत्रपिंडतज्ज्ञांच्या हवाली केल्यामुळे ते थोडक्यात वाचले.

दुसरे रुग्ण एक शेतकरी. गुडघेदुखीवर ते कोणाकडून तरी पुड्या आणून घेत. पुडीवर नाव नाही, कागद नाही. पुडी घेतली की दोन तासांत दुखणे पळे. तीन वर्षे हा क्रम चालला. माझ्याकडे आले तेव्हा उजव्या डोळ्याची बाजूची नजर पूर्ण गेली होती आणि डावा डोळाही त्याच वाटेवर होता. तो काचबिंदू होता. त्या पुड्यांत स्टेरॉइड असल्याची सर्व लक्षणे त्यांच्या शरीरावर स्पष्ट होती. गेलेली नजर परत आणणे मला शक्य झाले नाही.

पहिल्या रुग्णाने आवश्यक औषध भीतीपोटी सोडले. दुसऱ्याने अनावश्यक औषध अजाणतेपणी घेतले. आजचे माझे सारे बोलणे या दोन चुकांच्या मधल्या वाटेविषयी आहे.

पहारेकऱ्यांना आवर कशासाठी?

आपल्या शरीरात रक्तातील पांढऱ्या पेशींची एक जागती फौज असते. आपले कोण आणि परके कोण हे ती ओळखते आणि परक्यावर तुटून पडते. रोगजंतूंपासून आपला बचाव होतो तो या फौजेमुळेच. परंतु दोन प्रसंगी ही फौज अडचणीची ठरते. कधी ती आपल्याच सांध्यांना, त्वचेला किंवा डोळ्यांना शत्रू समजते. आमवात हे त्याचे परिचित उदाहरण. दुसरा प्रसंग अवयव-प्रत्यारोपणाचा. दुसऱ्याचे मूत्रपिंड कितीही प्रेमाने दिलेले असो, शरीराच्या लेखी ते परकेच असते.

मानवी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केले. ते यशस्वी झाले याचे एक कारण असे, की देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते. पहारेकऱ्यांना परकेपणाची चाहूलच लागली नाही. पण प्रत्येकाला जुळा भाऊ कोठून असणार? म्हणून या फौजेला आवरणाऱ्या औषधांचा शोध अपरिहार्य ठरला.

या औषधांचा इतिहास मनोवेधक आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन हे द्रव्य टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. अवघ्या दोन वर्षांत, १९५० साली, हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेरॉइड औषधांचे युग तेथून सुरू झाले. पुढे ॲझाथायोप्रिन आले. नॉर्वेमधील एका पठारावरच्या मातीतील बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळाले आणि प्रत्यारोपणाचे चित्रच पालटले.

याच मालिकेतील एका औषधाशी आपल्या उपखंडात जन्मलेल्या शास्त्रज्ञाचे नाव निगडित आहे. प्रशांत महासागरातील ईस्टर बेटाचे स्थानिक नाव रापा नुई. तेथून आणलेल्या मातीतील सूक्ष्म जीवापासून डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे रॅपामायसिन हे द्रव्य वेगळे केले. १९८३ च्या सुमारास तेथील प्रयोगशाळा बंद झाली आणि काम थांबले. तेव्हा डॉ. सेहगल यांनी त्या सूक्ष्म जीवाचा थोडा साठा घरच्या शीतपेटीत जपून ठेवला. पुढे संशोधन पुन्हा सुरू झाले आणि १९९९ साली मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठी त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज त्याला सिरोलिमस असेही म्हणतात.

महाराष्ट्रापुरते सांगायचे तर मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम १९९४ साली संमत झाला आणि फेब्रुवारी १९९५ पासून ज्या पहिल्या राज्यांत तो लागू झाला, त्यांत आपले राज्य आणि गोवा ही दोन्ही होती. तेव्हापासून प्रत्यारोपणानंतर दीर्घायुष्य लाभलेल्या रुग्णांची एक पिढीच आपल्यापुढे उभी राहिली आहे. हे रुग्ण आता साठीत आणि सत्तरीत पोहोचत आहेत. औषधाचा परिणाम आणि वयाचा परिणाम यांची गाठ त्यांच्या डोळ्यांत पडते. म्हणून हा विषय आज महत्त्वाचा झाला आहे.

भिंगाची पाठ

डोळ्यातील भिंग वयानुसार गढूळ होत जाते. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. केस पांढरे होतात, तसाच हा वयाचा धर्म. परंतु स्टेरॉइडमुळे होणाऱ्या मोतीबिंदूची जागा आणि चाल वेगळी असते. तो भिंगाच्या पाठीमागच्या आवरणालगत, अगदी मधोमध तयार होतो. तेजस्वी प्रकाशात बाहुली लहान होते आणि पाहण्याची वाट नेमक्या त्या डागातूनच जाते. म्हणून असा रुग्ण सांगतो, "डॉक्टर, संध्याकाळी बरे दिसते, पण दुपारच्या उन्हात काही दिसत नाही." वाचनही लवकर अवघड होते. वयाचा मोतीबिंदू वर्षानुवर्षे रेंगाळतो. हा अनेकदा काही महिन्यांतच वाढतो.

ही गोष्ट प्रथम १९६० साली वैद्यकीय जगापुढे नीट मांडली गेली. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या आमवाताच्या ४४ रुग्णांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी १७ जणांच्या भिंगांत याच प्रकारचा मोतीबिंदू आढळला. नंतरच्या अनुभवाने हे पक्के झाले, की मात्रा जितकी मोठी आणि काळ जितका लांब, तितका धोका अधिक. मात्र माणसामाणसांत फरक असतो; कोणाला थोड्या मात्रेवरही तो होतो, कोणाला वर्षानुवर्षे होत नाही. गोळ्यांप्रमाणेच मोठ्या मात्रेत दीर्घकाळ ओढलेल्या दम्याच्या पंपानेही हा धोका काही अंशी वाढतो. याचा अर्थ पंप टाकून द्यावा असा मुळीच नाही. अनियंत्रित दमा हा मोतीबिंदूपेक्षा कितीतरी घातक आहे.

समाधानाची गोष्ट अशी, की हा मोतीबिंदू शस्त्रक्रियेने काढता येतो आणि कृत्रिम भिंग बसवल्यावर रुग्ण पुन्हा वाचू लागतो. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याअन्वये जिल्हा रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य करण्यात येते. शस्त्रक्रियेआधी आपण कोणती औषधे घेतो हे शल्यचिकित्सकास सांगणे मात्र अत्यावश्यक आहे. कारण प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णात जंतुसंसर्गाविषयी अधिक दक्षता घ्यावी लागते.

न दुखणारा शत्रू

मोतीबिंदू दिसतो आणि जाणवतो. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यात एक पारदर्शक द्रव सतत तयार होत असतो आणि एका सूक्ष्म जाळीतून तो बाहेर वाहून जात असतो. विहिरीत झरा वाहता राहावा आणि पाटाचे तोंड मात्र गाळाने बुजावे, तसे स्टेरॉइडमुळे या जाळीचे होते. द्रव तुंबतो, डोळ्यातील दाब वाढतो आणि दृष्टीचा संदेश मेंदूकडे नेणारी मज्जा हळूहळू सुकत जाते. हे सारे बहुधा वेदनेवाचून घडते. प्रथम बाजूची नजर जाते. समोरचे नीट दिसत असल्यामुळे रुग्णाला पत्ता लागत नाही. माझ्या शेतकरी रुग्णाला बांधावरून जाताना उजवीकडचे झाड लागू लागले, तेव्हा कोठे त्याला शंका आली.

१९६० च्या दशकात बेकर आणि आर्मली या दोन शास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासांतून असे दिसले, की स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे घातले असता सुमारे एकतृतीयांश माणसांत डोळ्याचा दाब मध्यम प्रमाणात वाढतो आणि शंभरात चार-पाच जणांत तो फार वाढतो. ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू आहे, ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या चष्म्याचा उणे क्रमांक मोठा आहे आणि जे वयोवृद्ध आहेत, त्यांनी विशेष सावध असावे. लहान मुलांतही हा धोका मोठा असतो. डोळे चोळणाऱ्या, उन्हाळ्यात डोळे लाल होणाऱ्या मुलांना जुन्या चिठ्ठीवर वारंवार थेंब आणून घालण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. नातवंडांच्या बाबतीत आजीआजोबांनी याकडे अवश्य लक्ष द्यावे.

औषध वेळीच कमी केले तर वाढलेला दाब बहुतेकांत काही आठवड्यांत उतरतो. औषध कमी करणे शक्य नसेल तर दाब उतरवणारे दुसरे थेंब देता येतात. पण एकदा गेलेली नजर परत येत नाही. म्हणून काचबिंदूत उपचारापेक्षा तपासणीला अधिक मोल आहे. दाब मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

पीतबिंदूचे कोडे

आता तिसऱ्या विकाराकडे वळू. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा लहानसा भाग असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही सारी कामे त्याच्यावर अवलंबून असतात. पन्नाशीनंतर काहींच्या बाबतीत हा भाग झिजू लागतो. पडद्याखाली पिवळसर कणांचे थर साचतात. बहुतेकांत ही झीज संथ असते. त्याला कोरडा प्रकार म्हणतात. काहींत पडद्याखाली नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, त्या झिरपतात आणि मधली नजर झपाट्याने जाते. हा ओला प्रकार.

ही केवळ वयाची झीज आहे, असा समज दीर्घकाळ होता. पुढे असे आढळले, की त्या पिवळसर कणांत प्रतिकारशक्तीशी संबंधित प्रथिनेही असतात. २००५ साली निरनिराळ्या संशोधक-गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले, की प्रतिकारशक्तीच्या एका शाखेला लगाम घालणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात विशिष्ट बदल असेल, तर या विकाराचा धोका पुष्कळ वाढतो. म्हणजे येथेही पहारेकऱ्यांच्या अतिउत्साहाचा हात आहे.

मग साहजिकच प्रश्न येतो: जे रुग्ण प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे घेतातच, त्यांना या विकारापासून आपोआप संरक्षण मिळते काय? प्रश्न तर्कशुद्ध आहे; पण निसर्ग आपल्या तर्काला बांधलेला नाही. अमेरिकेत डॉ. रॉबर्ट नुसेनब्लाट यांनी ओल्या प्रकारच्या १३ रुग्णांवर एक लहान प्रयोग केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या इंजेक्शनांबरोबर ज्यांना सिरोलिमस किंवा डॅक्लिझुमॅब देण्यात आले, त्यांना डोळ्यातील इंजेक्शने कमी वेळा लागली. इन्फ्लिक्सिमॅब दिलेल्यांत तसे दिसले नाही. परंतु १३ रुग्ण म्हणजे दिशा दाखवणारी खूण होय, निर्णय नव्हे. कोरड्या प्रकारात सिरोलिमस डोळ्यापाशी टोचून पाहिले, तेव्हा लाभ आढळला नाही. २०२३ साली अमेरिकेत कोरड्या प्रकाराच्या पुढच्या अवस्थेसाठी दोन औषधांना मान्यता मिळाली. ती प्रतिकारशक्तीच्या त्याच एका शाखेला डोळ्यापुरते आवरतात. त्यांनी ऱ्हासाचा वेग काहीसा मंदावतो. गेलेली नजर मात्र येत नाही.

यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे. संपूर्ण शरीराची प्रतिकारशक्ती दडपणे हा पीतबिंदू राखण्याचा मार्ग नव्हे. ज्यांना ही औषधे अन्य रोगांसाठी घ्यावी लागतात, त्यांनीही आपण सुरक्षित आहोत असे समजू नये. इतरांप्रमाणेच तपासणी करून घ्यावी. ओल्या प्रकारावर २००६ पासून डोळ्यात टोचण्याची परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत, पण ती वेळेवर दिली तरच गुण येतो.

मलेरियाच्या गोळीची दुसरी बाजू

आमवातात आणि ल्युपस नावाच्या विकारात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी पुष्कळ रुग्ण घेतात. मुळात ही हिवतापावरील औषधांच्या कुळातली. ती प्रतिकारशक्ती दडपत नाही, तर तिचा तोल सांभाळते; म्हणून ती तुलनेने सौम्य आणि अत्यंत उपयुक्त आहे. परंतु दीर्घकाळानंतर ती पीतबिंदूभोवतीच्या भागाला इजा करू शकते. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत मात्रा ठेवली, तर पहिल्या १० वर्षांत हा धोका शंभरात दोनांहून कमी असतो. २० वर्षांनंतर मात्र तो जवळजवळ शंभरात वीसपर्यंत चढतो. मूत्रपिंडे दुबळी असतील तर धोका आणखी वाढतो. म्हणून औषध सुरू झाल्यापासून वर्षाच्या आत एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडद्याची तपासणी करावी, असा तज्ज्ञांचा संकेत आहे. वृद्धांत वयाची झीज आणि औषधाची इजा एकमेकींत मिसळून जातात. पहिल्या वर्षीच्या तपासणीची नोंद हाताशी असली, तरच पुढे कोणती कोणती हे ओळखता येते.

२०२१ चा धडा

कोविडच्या साथीत जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले, की ज्यांना प्राणवायू द्यावा लागतो अशा रुग्णांत डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड प्राण वाचवते. मात्रा ठरलेली होती: दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. परंतु २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कित्येकांनी ते गरज नसताना, अधिक मात्रेत आणि अधिक काळ घेतले. रक्तातील साखर भडकली, प्रतिकारशक्ती खालावली आणि म्युकरमायकोसिस या बुरशीने नाक, डोळे आणि मेंदूवर हल्ला केला. महाराष्ट्रात त्या दिवसांत कितीतरी रुग्णांचा जीव वाचवण्यासाठी डोळा काढावा लागला. त्या शस्त्रक्रिया करणाऱ्या आम्हा नेत्रतज्ज्ञांना त्या रात्री विसरता येणार नाहीत. औषध तेच, योग्य हाती अमृत, अयोग्य हाती विष.

आणि योग्य हाती ते खरोखरच अमृत असते, हेही सांगितले पाहिजे. डोळ्याच्या आतील दाह, ज्याला युव्हायटिस म्हणतात, त्यात हीच औषधे दृष्टी वाचवतात. पन्नाशीनंतर क्वचित आढळणाऱ्या कानशिलाच्या रक्तवाहिनीच्या दाहात डोके दुखते, चावताना जबडा दुखतो आणि एकाएकी नजर जाऊ शकते. अशा वेळी मोठ्या मात्रेतील स्टेरॉइड तत्काळ सुरू केले, तर दुसरा डोळा वाचतो. नेत्रदानातून मिळालेले बुबुळ बसवल्यावर ते शरीराने स्वीकारावे म्हणून महिनोन् महिने स्टेरॉइडचेच थेंब घालावे लागतात. ज्यांना असे बुबुळ लाभले आहे, त्यांनी थेंब चुकवू नयेत आणि डोळ्याचा दाब मोजून घेण्याचेही चुकवू नये. दात्याच्या कुटुंबाने दुःखाच्या घडीला दिलेल्या दानाचा तो मान आहे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट: दीर्घकाळ चालणारे औषध मनाने कधीही बंद करू नका. स्टेरॉइड एकाएकी थांबवले तर शरीराला स्वतःचे आवश्यक संप्रेरक पुरेसे बनवता येत नाही आणि जीव धोक्यात येतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने गोळी चुकवणे म्हणजे मिळालेला अवयव पणाला लावणे होय. औषध कमी करायचे की बदलायचे, हे ते औषध लिहून देणाऱ्या तज्ज्ञाने नेत्रतज्ज्ञाशी विचारविनिमय करून ठरवायचे असते.

दुसरी गोष्ट: औषध सुरू होताच एकदा डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घ्या. बाहुली मोठी करून भिंग आणि पडदा पाहावा, दाब मोजावा. गोळ्या चालू असेतो किमान वर्षातून एकदा, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास त्याहून लवकर, ही तपासणी व्हावी. स्टेरॉइडचे थेंब चालू असतील तर काही आठवड्यांतच दाब पाहिला पाहिजे.

तिसरी गोष्ट: नेत्रतज्ज्ञाकडे जाताना सर्व औषधांची चिठ्ठी बरोबर न्या. गोळ्याच नव्हेत, तर दम्याचा पंप, चेहऱ्यावर लावायचे मलम, सांध्यात घेतलेली इंजेक्शने, आणि हो, त्या बिननावाच्या पुड्याही सांगा. लाजू नका. डॉक्टर रागावतील, पण डोळा वाचवतील.

चौथी गोष्ट: स्टेरॉइड औषधे कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. विक्रेत्याने दिली तरी आपण घेऊ नयेत. जुन्या चिठ्ठीवर, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून थेंब आणणे आजपासून बंद करावे.

पाचवी गोष्ट: घरच्या घरी एक परीक्षा करता येते. आखीव चौकटींच्या वहीच्या कागदावर मधोमध एक ठिपका काढा. वाचनाचा चष्मा लावून, एक डोळा झाकून दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहा. मग डोळा बदला. रेषा वाकड्या दिसल्या किंवा एखादा भाग पुसलेला दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. आठवड्यातून एकदा हे करण्यास एक मिनिट पुरे.

सहावी गोष्ट: तंबाखूचा धूर सोडा. पीतबिंदूच्या ऱ्हासाच्या ज्या कारणांवर आपला ताबा चालतो, त्यांत धूम्रपान हे सर्वांत मोठे. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. आहारात मेथी, पालक, शेवग्याचा पाला असावा; मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पालेभाज्यांचे प्रमाण आपल्या तज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. जीवनसत्त्वांच्या विशिष्ट गोळ्यांचा उपयोग पीतबिंदूचा विकार मध्यम अवस्थेत पोहोचलेल्यांनाच होतो. निरोगी माणसाने त्या घेऊन रोग टळत नाही.

शेवटची गोष्ट धोक्याच्या घंटेची. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णाचा डोळा लाल होऊन दुखू लागला, नजरेपुढे एकाएकी काळे ठिपके तरंगू लागले, कपाळावर आणि पापणीवर नागिणीचे फोड उठले किंवा नजर एकदम कमी झाली, तर उद्याची वाट पाहू नये. अशा रुग्णांत जंतुसंसर्ग वेगाने पसरतो आणि त्याची लक्षणे आरंभी सौम्य भासतात.

बंधुभगिनींनो, ज्या शिक्षिकेच्या हकीकतीने मी सुरुवात केली, त्यांचे मूत्रपिंड सावरल्यावर काही महिन्यांनी मी त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली. पट्टी काढल्यावर समोर उभ्या असलेल्या भावाला पाहून त्या म्हणाल्या, "अरे, तू केवढा पिकलास!" आता त्यांच्या औषधाच्या डबीशेजारी डोळ्यांच्या तपासणीची वही असते. गोळी घेतली की त्या खूण करतात आणि तपासणीची तारीख आली की स्वतःहून येतात. मागच्या वेळी त्या एकट्या आल्या नव्हत्या. गावातील आमवाताच्या तीन भगिनींना बरोबर घेऊन आल्या होत्या.

शासनाची रुग्णालये आहेत, तपासणीची साधने आहेत, औषधेही आहेत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे जागरूक रुग्ण. या सभागृहातून जाताना आपल्यापैकी प्रत्येकाने अशा एका रुग्णाला आठवावे आणि त्याला एवढेच विचारावे: "गोळ्या नियमित घेतोस ना? आणि डोळे शेवटचे कधी दाखवलेस?" या दोन प्रश्नांनी एखाद्याचे मूत्रपिंड वाचेल, एखाद्याचा डोळा वाचेल. मरणोत्तर नेत्रदानाचा संकल्प तर आपण करूच. पण त्या दिवसापर्यंत आपली आणि आपल्या माणसांची दृष्टी सांभाळणे हेही तितकेच मोठे कर्तव्य आहे.